सांध्यावरची गळती

केळापूर

चि. सोनूस,


एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पेरोव्हस्काइट सौरघट घेतलास, हे ताईकडून कळलं. नवा पदार्थ शोधून काढायचा मोह मात्र आवर. जिंकण्यासारखं बरंच काही पदार्थाच्या कडेला पडलेलं आहे.

2009 साली जपानमधल्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या पेरोव्हस्काइट घटाची कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज अशा घटांची 26 च्या पुढे आहे. प्रकाश शोषणारा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड. एका अंगाला इलेक्ट्रॉन नेणारा थर, बहुधा टिन ऑक्साइडचा, दुसऱ्या अंगाला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनने सोडलेली रिकामी धन जागा, नेणारा. थर एकमेकांना भिडतात तिथे आयोडीनच्या काही जागा रिकाम्या राहतात, शिशाचे आयन अर्धवट बांधलेले असतात. इलेक्ट्रॉन आणि होल तिथे अडकून एकमेकांत विरतात, आणि सगळ्यात आधी व्होल्टेज खाली येतं. वेचलेला कापूस जिनिंगला पोचेपर्यंत गाडीतूनच गळावा, तसला हा प्रकार. 2019 मध्ये चीनमधल्या जिंगबी यू यांच्या गटाने पृष्ठभागावर फेनिथाइल अमोनियम आयोडाइडचा पातळ हात दिला आणि प्रमाणित कार्यक्षमता 23.32 टक्क्यांवर नेली.

आपल्या माणसांचंही काम वाच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकलेले सावंता माळी दक्षिण कोरियात चोन्नम विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ज्योती पाटील आणि इतरांसोबत सीझियम लेड आयोडाइडच्याच दोन स्फटिकरूपांचे थर एकावर एक बसवले. 2023 च्या ‘नेचर एनर्जी’त आलेल्या त्या घटाने 21.5 टक्के ओलांडले. आकडा विक्रमी घटांपेक्षा कमी, पण घटात उष्णतेने उडून जाणारा सेंद्रिय आयन नाही. आपल्याकडे मे महिन्यात शेतातल्या सौरपंपाचं पॅनेल हात टेकवू देत नाही. मला तरी हा घट जास्त मोलाचा वाटतो.

आता कामाचं. एकाच दिवशी, एकाच द्रावणातून, पृष्ठभागावर लेप दिलेले आणि न दिलेले असे भरपूर घट कर, आणि सर्वांची सरासरी मांड. एकच उत्तम घट दाखवून पेपर छापणारे पुष्कळ आहेत. व्होल्टेज चढत्या आणि उतरत्या, दोन्ही दिशांनी मोज. वक्र जुळले नाहीत तर आयन सरकताहेत असा संशय घे. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत 85 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास काढावे लागतात. तेवढं जमणार नाही, पण काही दिवस तरी घट तापवून बघ.

लेड आयोडाइड हाताळताना हातमोजे घाल, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस.

तुझा,
मामा