तीस दिवसांची भाजी : जालना औद्योगिक वसाहतीतील परसबाग

जालन्याचे नाव देशभर पोहोचले ते लोखंडी सळयांमुळे आणि बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्यांच्या या उद्योगाचा आरंभ पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यापासून झाला होता. 1998 साली ते जागतिक अन्न पुरस्काराचे मानकरी ठरले. भाजीच्या बियाण्याने ज्या शहराला मोठे केले, त्याच शहराच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरी पालेभाजी मात्र बाजाराच्या दिवशीच शिजावी, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

याचे कारण आळस नव्हे, पाणी आहे. जालना हा अवर्षणप्रवण मराठवाड्याचा भाग. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाने शहराची तहान दीर्घकाळ भागविली. परंतु 2012-13 च्या दुष्काळात नागरिकांना टँकरची वाट पाहत दिवस काढावे लागले. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरले जाते, तेथे बाग लावा असे सांगणे थट्टेचे वाटेल. म्हणूनच येथील परसबागेचा हिशेब जागेपेक्षा दिवसांवर मांडला पाहिजे.

एक चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात दररोज साधारणपणे चार ते पाच लिटर पाणी लागते. मे महिन्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीस येते. म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात पाऊण ते एक किलो भाजी घरात येते. टोमॅटो किंवा वांग्याची पहिली तोडणी व्हायला दोन ते तीन महिने लागतात, आणि मध्येच पाणी तुटले तर तोवरचे सारे पाणी वाया जाते. लवकर येणारी भाजी टंचाईच्या प्रदेशात अधिक भरवशाची ठरते, ती यामुळे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि काम बदलले की घर बदलणाऱ्या कुटुंबालाही तीस दिवसांचे पीक परवडते. नव्वद दिवसांचे परवडेलच असे नाही.

तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठविले, तर लहान वाफ्याची बरीचशी गरज त्यातच भागते. साबणाचे अथवा कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी पालेभाजीला घालू नये. काळी माती पाणी धरून ठेवते खरी, पण सुकली की भेगाळते. तीत कुजलेले शेणखत मिसळून वर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

मातीविषयी औद्योगिक वसाहतीत एक वेगळी दक्षता आवश्यक आहे, आणि ती बहुतेक परसबाग-पुस्तिकांत आढळत नाही. भट्टीतून निघालेली मळी भरावासाठी टाकलेल्या जागेत खाण्याची भाजी लावू नये. अशा भरावात शिशासारखे जड धातू असण्याचा संभव असतो आणि पालेभाज्या ते शोषून घेऊ शकतात. रंगाचे, तेलाचे किंवा रसायनाचे रिकामे डबेही कुंडी म्हणून वापरू नयेत. धान्याची जुनी पोती किंवा पाट्या घेऊन, खाली भोके पाडून, शेतातली चांगली माती आणून भरावी. मेथी, पालक, कोथिंबीर यांना वीतभर खोलीची माती पुरते. पानांवर धूळ बसत असेल तर भाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊनच चिरावी.

पेरणीसाठी स्वयंपाकघरातील मेथीदाणे व धने चालतात. मेथी रात्रभर भिजवावी. धने मात्र चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात. अख्खे धने उशिरा व विरळ उगवतात, आणि पुष्कळांचा पहिला प्रयत्न येथेच फसतो. बाजारातील रंगीत, औषध लावलेले बियाणे पेरण्यापुरतेच असते. बियाण्यांच्या या शहरात ते हाताशी सहज येते, म्हणून उरलेले दाणे स्वयंपाकात वापरू नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

हिवाळ्यात मेथी, कोथिंबीर, शेपू व पालक उत्तम येतात. पालकाची पहिली कापणी महिन्याच्या आसपास होते. दोन बोटे देठ राखून कापल्यास पुन्हा फुटवे येतात. पुसा चेतकी हा मुळा उष्णतेतही चाळीस ते पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, आणि त्याच्या पाल्याचीही भाजी होते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. तेव्हा हट्ट सोडून तांदुळजा किंवा माठ पेरावा. पावसाळ्यात अंबाडीला फारशी देखभाल लागत नाही, आणि मराठवाड्यात तिच्या भाजीचे कौतुक वेगळे सांगायला नको. थोडे थांबण्याची तयारी असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही भेंडी लावावी. केवडा रोगाला ती प्रतिकारक म्हणून प्रसारित करण्यात आली, आणि दीड-दोन महिन्यांत तोडणीस येते. संपूर्ण वाफा एकाच दिवशी न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने त्याचे चार तुकडे पेरल्यास दर आठवड्याला एक भाजी मिळत राहते.

केंद्र सरकारने 2019 मध्ये शाळांतील पोषण उद्यानांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वसाहतीलगतच्या शाळांत हा कार्यक्रम राबविताना शिक्षकांनी प्रथम मातीचा पूर्वेतिहास विचारावा : येथे पूर्वी काय टाकले जात होते? गावातील वृद्धांना ते बहुधा ठाऊक असते. शंका असल्यास खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल. ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळाच्या ओट्यावरून वाहून जाणारे स्वच्छ पाणी एका चरातून लहान वाफ्याकडे वळविले, तरी चार-सहा घरांच्या मेथीची सोय होते. मात्र त्या ओट्यावर कपडे वा भांडी धुतली जात नाहीत, हे आधी पाहावे लागेल.