कापणीच्या यादीतील मापांचे वाचन
(इयत्ता सातवी : गणित व कार्यानुभव)

पाठाचा हेतू : घनफळाचे सूत्र विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते, परंतु लाकडापुढे उभे राहिल्यावर कोणते माप कोठे धरावे हे त्यांस उमगत नाही. वहीतील चूक खोडता येते. चुकीच्या जागी करवत चालली तर फळी वाया जाते. म्हणून सुताराची यादी वाचावयास शिकविणे हा या पाठाचा हेतू आहे.

साहित्य : मीटरपट्टी, जाड पुठ्ठा, लाकडाचे दोन तुकडे (एक रंधलेला, एक न रंधलेला).

फलकलेखन : व्हरांड्यात ठेवण्याच्या बाकाची यादी शिक्षकांनी फळ्यावर लिहावी. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

पाय — ४ नग — ३७५ × ५० × ५०
लांब पट्टी — २ नग — १०४० × ७५ × २५
आखूड पट्टी — २ नग — २०० × ७५ × २५
बैठकीची फळी — २ नग — १२०० × १५० × २५

विषयप्रतिपादन :

(१) मापांचा क्रम. या यादीत प्रथम लांबी, मग रुंदी व शेवटी जाडी लिहिली आहे. लांबी म्हणजे सर्वांत मोठी बाजू, असे विद्यार्थी समजतात. ते बरोबर नाही. लाकडातील रेषा ज्या दिशेने जातात, ती लांबी. एखाद्या भागाचे माप २०० × २५० × २५ असे असेल, तर रेषा २०० मिलिमीटरच्या दिशेनेच हव्यात. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट असते व आडव्या दिशेने चटकन मोडते. पावसाळ्यात ते फुगते तेही मुख्यतः आडवे. क्रम उलटा वाचला, तर माप जुळेल. पण भाग टिकणार नाही.

(२) सांध्यातील लांबी. दोन पायांमध्ये लांब पट्टी १००० मिलिमीटरच दिसते. यादीत मात्र १०४० आहे. पट्टीचे प्रत्येक टोक २० मिलिमीटर पायातील भोकात शिरते, हे त्याचे कारण. जो विद्यार्थी दिसणारी लांबी मोजून पट्टी कापील, त्याच्या पट्टीस भोकात बसविण्यास टोकच उरणार नाही.

(३) करवतीचा छेद. ३७५ मिलिमीटरचे चार पाय १५०० मिलिमीटर लाकडातून निघतील काय, असा प्रश्न विचारावा. बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. चार तुकड्यांसाठी तीन छेद लागतात. एका छेदात २ मिलिमीटर लाकडाचा भुसा झाला, तर तीन छेदांत ६ मिलिमीटर जातात व शेवटचा पाय ३६९ मिलिमीटरचा होतो. असा बाक डगमगतो.

(४) कच्चे व तयार माप. रंधा मारल्यावर जाडी व रुंदी घटते. दोन्ही तुकडे हाती देऊन फरक दाखवावा. वरील यादी तयार मापांची आहे. म्हणून लाकूड घेताना प्रत्येक माप थोडे अधिक धरावे. यादी कच्च्या मापाची की तयार मापाची, हे शीर्षकातच लिहिण्याची सवय लावावी.

(५) इंच व सूत. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली. तरी सुतारांच्या बोलण्यात इंच व सूत आजही आहेत. १ इंच म्हणजे ८ सूत, व १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यावरून १ सूत सुमारे ३.२ मिलिमीटर होते. पायाची लांबी सुतारास १४ इंच ६ सूत अशी सांगता येईल; ती ३७४.६५ मिलिमीटर भरते. गावातील सुतारांस वर्गात बोलावून त्यांच्या तोंडून ही मापे ऐकवावीत.

उपयोजन : बाकाची उंची काढावी (३७५ + २५ = ४००). नंतर प्रत्येक भागाचे घनफळ काढून बेरीज करावी. ती १,७४,००,००० घन मिलिमीटर, म्हणजे ०.०१७४ घनमीटर येते. घनफुटांत सुमारे ०.६१. हे तयार लाकडाचे माप आहे. वखारीतून किती अधिक आणावे लागेल व का, हे विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत सांगावे.

गृहपाठ : घरातील पाट मोजून त्याच्या प्रत्येक भागाची यादी करावी व रेषांची दिशा बाणाने दाखवावी. दुसऱ्या दिवशी यादी शेजारच्या विद्यार्थ्यास द्यावी. पाट न पाहता त्यास पुठ्ठ्याचे भाग नेमके कापता आले, तर यादी बरोबर लिहिली गेली असे समजावे.