झीलकऱ्यांच्या रांगेतून

१. गाणं शाहिराचं असतं, पण ते उभं राहतं झील धरणाऱ्यांवर. मी आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या गायनपार्टीत मागच्या रांगेत असते. शाहीर कडवं संपवून श्वास घेतो, तेवढ्यात आम्ही ध्रुपद उचलायचं. त्यासाठी कान शेजारणीच्या श्वासावर ठेवावा लागतो, मग सकाळी नळावर तिच्याशीच कडाक्याचं भांडण झालेलं का असेना. तालमीनंतरही भांडण मिटलेलं नसतं. पण तिच्या आवाजाशिवाय माझा सूर टिकत नाही, हे दोघींनाही कळून चुकलेलं असतं.

२. आमच्या या गाण्याची वाट आमच्या आधीच्यांनी पाडली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी वाजवलेली ढोलकी आणि तुणतुणं सत्यशोधक जलशांनी आपल्या प्रश्नांसाठी हाती घेतलं. पुढे नाशिककडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. 1944 मध्ये मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. वाद्यं तीच, पण गाणं आता आपल्या माणसांसाठी होतं. मला यात फार मोठं धाडस दिसतं.

३. बक्षिसासाठी गाणं थांबलं की पूर्वी माझी चिडचिड व्हायची. दहाची नोट येते, माईकवरून नाव पुकारलं जातं, मग पुढचं कडवं. एकदा धुणीभांडी करणाऱ्या एका आजींचं नाव पुकारलं. आडनावासकट, मोठ्यानं. त्या पदर सावरून ताठ बसल्या. तेव्हापासून मी घाई करत नाही.

४. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि त्यांची गाणी गावोगाव पोचली. आमच्यात कुणी वही बघून गातं, कुणाला वाचताच येत नाही. अडलेलं कडवं बहुधा न वाचणाऱ्याच पुरवतात.

५. गाण्यानं सगळं सावरतं, असं मी म्हणणार नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. हजारोंना एकत्र आणणारा गळा इतका एकटा पडू शकतो, हे मला अजून पचत नाही. म्हणून आमच्याकडे तालमीला कुणी दिसलं नाही, की आधी त्याच्या घरी जायचं, मग ढोलकी. गेल्या पावसाळ्यात असंच गेलो, तर हार्मोनियमवाल्याच्या खोलीत गुडघाभर पाणी. त्या रात्री तालीम झाली नाही, सगळे मिळून पाणी उपसत बसलो.