पाळी पुढे ढकलण्याची गोळी : घेण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, लग्नसराई आली, दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमीला जायचे ठरले, मुलीची बारावीची परीक्षा आली, की वस्तीतल्या मेडिकलवर एक गोळी हमखास मागितली जाते. दुकानदार विचारतो, “किती दिवस?” एवढ्यावर पाकीट हातात पडते. खरे तर ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची गोळी आहे.

ही गोळी काय करते?

गोळीचे नाव नॉरइथिस्टेरॉन. बहुधा 5 मिलिग्रॅमची मिळते. आपल्या शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवते. ते कमी झाले की अस्तर सुटते आणि पाळी येते. गोळीतले हार्मोन हे अस्तर बाहेरून धरून ठेवते. म्हणून पाळीच्या तारखेआधी साधारण 3 दिवस ती सुरू करतात. बंद केली की 2-3 दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन ती पुढे जात नाही.

धोका कुठे आहे?

निरोगी बाईने थोडे दिवस घेतली तर बहुतेक वेळा मळमळ, डोकेदुखी, छाती जड होणे, पोट फुगणे एवढाच त्रास होतो. पण या गोळीचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो. त्याने रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. पायाच्या शिरेतली गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. रात्रभर गाडीत एका जागी बसूनही गाठीचा धोका वाढतो. म्हणून प्रवासात अधूनमधून उठून चाला, पाणी प्या. संडासची सोय नाही म्हणून पाणी तोडू नका.

कोणी स्वतःच्या मनाने घेऊच नये?

• दिवस गेल्याची शंका असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल
• आधी रक्ताची गाठ, लकवा किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल
• काविळ किंवा लिव्हरचा आजार असेल
• स्तनाचा कॅन्सर झालेला असेल
• डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल
• कारण न कळता अंगावरून जात असेल

बीपी, शुगर, सिकलसेल, जास्त वजन किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टीबीची किंवा फिटची औषधे चालू असतील तर गोळीचा असर कमी होऊ शकतो.

दोन गैरसमज

पहिला, ही गोळी घेतली की दिवस जात नाहीत. असे नाही. पाळी लांबवायला घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नाही. बंद करूनही पाळी आली नाही तर आधी लघवीची तपासणी करा.

दुसरा, अंगावरून जास्त जाते म्हणून शेजारणीची गोळी आणली, थांबले, म्हणजे बरे झाले. थांबले ते रक्त, आजार नव्हे. मागे गाठ, थायरॉइड किंवा कॅन्सरही असू शकतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही वाट पाहू नका, सरकारी दवाखाना गाठा. तपासणी लांबली तर आजार वाढतो.

ही लक्षणे दिसली तर

एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक दम लागणे, छातीत दुखणे, असह्य डोकेदुखी, अंधुक दिसणे, बोबडी वळणे, डोळे पिवळे होणे. गोळी बंद करा, लगेच दवाखान्यात जा. दम, छातीत दुखणे किंवा लकव्याची शंका असेल तर 108 ला फोन लावा. गोळीचे पाकीट सोबत न्या आणि “ही घेत होते” असे लाजू नका, सांगा. डॉक्टरांना गाठ ओळखायला तेवढ्याने मदत होते.

आणि एक. पाळी हा विटाळ नाही. वंदनेला बसायला, लग्नात मिरवायला ती आड येत नाही. कपडा किंवा पॅड बदलायला जागा नाही ही खरी अडचण आहे, आणि ती जागा मागणे आपला हक्क आहे. तरीही गोळी हवीच असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी आरोग्य केंद्रात जा. बीपी मोजून घ्या, वरची यादी डॉक्टरांपुढे वाचा. आणि आपल्यासाठी लिहिलेली गोळी लेकीला किंवा नणंदेला देऊ नका.