ख्रिस्तपुराणातील जन्मकथा : आदिपापाचे उत्तर

१. प्रास्ताविक

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीच्या अभ्यासकाला बहुधा दोन निमित्तांनी भेटते. ग्रंथारंभी आलेली मराठी भाषेची स्तुती हे पहिले निमित्त होय. एका इंग्रज धर्मोपदेशकाने ओवीसारखा देशी छंद किती सहजतेने हाताळला, याविषयीचे कौतुक हे दुसरे. ही दोन्ही निमित्ते रास्त आहेत. मात्र त्यांच्या प्रकाशात ग्रंथाचा मूळ विषय झाकला जातो. भाषास्तुतीच्या ओव्या वेचून पाठ्यपुस्तकात घेतल्या की उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या कशासाठी लिहिल्या गेल्या, हा प्रश्न विचारण्याचे कारणच राहत नाही.

ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकातच या प्रश्नाचे उत्तर आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचे शीर्षक 'आमचा तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन' अशा अर्थाचे होते. 'ख्रिस्तपुराण' हे नाव पुढे रूढ झाले. शीर्षकात चरित्र, उपदेश किंवा चमत्कार यांपैकी कोणताही शब्द नाही. 'आगमन' हा शब्द आहे. म्हणजे नाताळच्या सणाचा जो गाभा, तोच या ग्रंथाचा घोषित विषय आहे. 'नाताळ' हा शब्दही मराठीत जन्मवाचक पोर्तुगीज शब्दावरून आला. कोल्हापूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा उगम १८५२ मध्ये रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी सुरू केलेल्या अमेरिकन मिशनच्या कार्यात आहे. त्यांचा पोर्तुगीज परंपरेशी थेट संबंध नाही. तरीही तेथे या सणाचे रूढ नाव 'नाताळ' हेच आहे. शब्द घाट चढून वर आला. त्यामागचा अर्थ स्टीफन्स यांनी मराठीत कसा घडवला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. दोन पुराणांची बांधणी

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' छत्तीस अवस्वरूंचे आणि 'दुसरे पुराण' एकोणसाठ अवस्वरूंचे आहे. अवस्वरू म्हणजे अध्याय किंवा सर्ग. पहिल्या पुराणात विश्वाची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम आणि एवा यांचा अपराध, त्यानंतरची मानवकुळाची वाटचाल आणि तारकाच्या येण्याची प्रतीक्षा येते. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, कार्य, मरण आणि पुनरुत्थान येते.

ही विभागणी बायबलच्या जुन्या आणि नव्या करारांना अनुसरते, हे उघड आहे. पण तिचे प्रयोजन तेवढ्यावर संपत नाही. केवळ ख्रिस्तचरित्र सांगायचे असते, तर बेथलेहेमपासून आरंभ करता आला असता. स्टीफन्स तसे करीत नाहीत. बाळ जन्माला येण्यापूर्वी ते श्रोत्याला छत्तीस अवस्वरूंची वाट चालायला लावतात. या वाटेवर श्रोत्याच्या मनात एक प्रश्न पक्का होतो : जे मोडले ते मानवाला स्वतःला सांधता येत नसेल, तर सांधणार कोण? दुसरे पुराण हे या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिले पुराण वगळून दुसरे वाचले, तर नाताळ हा एका दिव्य बालकाचा वाढदिवस उरतो.

या बांधणीमागे ख्रिस्ती विचारातील एक जुना वाद आहे. मानवाने पाप केले नसते, तर देव मनुष्य झाला असता काय? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी असे मत मांडले की, पवित्र शास्त्र देहधारणेचे कारण सर्वत्र मानवाच्या पापातच दाखवते. म्हणून पाप नसते तर देहधारणा झाली नसती, असे मानणे अधिक उचित. त्यांच्यानंतरच्या डन्स स्कोटस यांच्या मते देहधारणा हा ईश्वरी प्रेमाचा मूळचाच संकल्प होता. तो पापावर अवलंबून नव्हता. येशूसंघाच्या शिक्षणक्रमात अक्वायनस यांना अग्रस्थान होते आणि स्टीफन्स त्याच संघाचे. त्यांच्या ग्रंथाची रचना अक्वायनस यांच्या बाजूने कौल देते, असे म्हणता येईल. लोकाचारातही हा संबंध जपला गेला होता : पश्चिम युरोपात नाताळच्या आदला दिवस, २४ डिसेंबर, आदाम आणि एवा यांच्या स्मरणाचा मानला जाई. आधी पतनाची आठवण, मग जन्माचा उत्सव, असा तो क्रम होता.

३. अनादी बंधन आणि आदिपाप

स्टीफन्स यांच्यासमोरची खरी अडचण शब्दांच्या अर्थाची होती. 'पाप' हा शब्द मराठीत होताच. परंतु तो कर्मविचाराच्या चौकटीत रुजलेला होता. त्या चौकटीत पाप ज्याचे त्याचे असते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या विभागणीत एकाचे कर्म दुसऱ्याच्या खात्यावर पडत नाही. जीव बद्ध का आहे, या प्रश्नाला भारतीय दर्शनांचे सामान्य उत्तर 'अविद्येमुळे' असे आहे आणि ही अविद्या अनादी आहे. महानुभाव तत्त्वज्ञानातही जीव अनादी अविद्येने बद्ध मानला आहे.

जे अनादी आहे, त्याची कथा सांगता येत नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी अविद्या सुरू झाली, असे पुराण रचता येणार नाही. ख्रिस्ती विचारातील आदिपाप मात्र घटना आहे. तिला आरंभ आहे, पात्रे आहेत, संवाद आहे, आज्ञा आहे आणि आज्ञाभंग आहे. निर्माण केलेले सर्व चांगले होते. बिघाड नंतर झाला. म्हणून दुःखाचे मूळ सृष्टीच्या घडणीत शोधायचे नसून एका मोडलेल्या नात्यात शोधायचे आहे. पाप ही घटना असल्यामुळेच तिला पुराणाचा आकार देता येतो. 'पाप' या शब्दाची नवी व्याख्या देत बसण्याऐवजी स्टीफन्स त्याची कथा सांगतात आणि शब्दाला नवा अर्थ कथेतून मिळतो. ही त्यांच्या रचनेची मोठी जमेची बाजू होय.

एकाच्या अपराधाचे फळ साऱ्या मानवकुळाला का, हा आक्षेप येथे स्वाभाविक आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवले : एकामुळे मरण आले, एकामुळे जीवन. संत ऑगस्टीनने त्यावरून वारशाने येणाऱ्या पापाचा सिद्धांत विकसित केला आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो अधिकृतपणे मांडला. ख्रिस्ती परंपरेतील एक दृष्टांत मराठी वाचकाला चटकन उमजेल असा आहे. सरदाराने राजद्रोह केला आणि त्याचे वतन जप्त झाले, तर त्याचे नातू त्या द्रोहात सामील नसतानाही वतनाविनाच जन्माला येतात. त्यांनी गुन्हा केलेला नाही. पण जे मिळायला हवे होते ते त्यांच्याकडे नाही. आदिपाप याच अर्थाने एक उणीव आहे. वतन परत मिळवणे नातवांच्या हाती नसते. ते देणाऱ्यानेच परत द्यावे लागते.

४. अवतार आणि आगमन

यानंतरचा प्रश्न उत्तराच्या स्वरूपाचा आहे. ईश्वर मानवरूपाने येतो, ही कल्पना मराठी श्रोत्याला अपरिचित नव्हती. साधूंचे रक्षण, दुष्टांचा विनाश आणि धर्माची स्थापना ही अवताराची प्रयोजने गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितली आहेत. भागवताच्या दशम स्कंधात दुष्ट राजांच्या भाराने पीडलेली पृथ्वी गाईच्या रूपाने ब्रह्मदेवाकडे जाते आणि त्या गाऱ्हाण्याला उत्तर म्हणून कृष्णजन्म होतो. म्हणजे तेथेही जन्म हे उत्तरच आहे. फरक गाऱ्हाण्यात आहे.

कृष्णकथा आणि ख्रिस्तजन्मकथा यांतील साम्ये ठळक आहेत : भयभीत राजा, कोवळ्या बालकांची हत्या, रात्रीचे स्थलांतर, गोपाळ आणि मेंढपाळ यांच्यासारखी साधी माणसे. साम्य येथवरच पोहोचते. कृष्ण मोठा होऊन कंसाचा वध करतो आणि कथेचे वर्तुळ पूर्ण होते. हेरोद मात्र आपल्या मरणाने मरतो. येशू त्याच्यावर शस्त्र धरत नाही. उलट अखेरीस तोच मारला जातो. याचे कारण पहिल्या पुराणात आहे. पाप केवळ हेरोदात नाही, ते आदामाच्या सर्व वंशात आहे. दुष्टाचा नाश हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. कारण तो न्याय शेवटपर्यंत नेला, तर वाचवायला कोणीच उरणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला बालकाचे नाव सांगताना, तो आपल्या लोकांना पापांपासून तारील, हेच कारण देतो. लोकांना शत्रूंपासून तारील, असे तो म्हणत नाही.

ही दिशा मराठी संतपरंपरेला सर्वस्वी परकी आहे, असे मात्र नव्हे. ज्ञानेश्वर पसायदानात दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातील वाकडेपणा जावा, असे मागतात. महानुभाव विचारातही परमेश्वराच्या अवताराचे प्रयोजन जीवांचा उद्धार हे आहे. स्टीफन्स यांनी ओवी निवडली, तेव्हा छंदाबरोबर करुणेची ही ऐकीव ओळखही त्यांना मिळाली. फरक उरतो तो एकदाच घडण्याचा. अवतार युगायुगांत होतात. नाताळची घटना एकदाच घडते. लूक तिला औगुस्त कैसराच्या नावनोंदणीशी आणि बेथलेहेम या गावाशी जोडतो. २५ डिसेंबर ही तिथी शुभवर्तमानांत नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात आढळते. मात्र घटनेला ठिकाण आणि काळ असणे आवश्यक आहे. ज्या पापाला आरंभ आहे, त्याच्या उत्तरालाही इतिहासात जागा हवी.

शब्दयोजनेत स्टीफन्स दोन्ही मार्ग चोखाळतात. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा परिचित शब्द ते घेतात. सैतानासाठी 'देवचार' हा शब्द त्यांच्या ग्रंथात येतो. वैकुंठाला नवा धनी मिळतो. गोव्यात आणि कोकणात गावाची राखण करणारा देवचार मात्र येथे मोहात पाडणारा ठरतो. एका शब्दाचा सन्मान आणि दुसऱ्याची अवनती अशी ही दुहेरी प्रक्रिया आहे. ख्रिस्तपुराणाला केवळ 'समन्वयाचे काव्य' म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करू नये.

५. सांगणाऱ्याचा काळ

ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की, पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाचा उगम या मागणीत दाखवला आहे. मागणी रसिक आहे. पण तिच्या मुळाशी बंदी आहे, हे विसरता येत नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या स्टीफन्स यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच साष्टीत गेला.

येथे या काव्याची खरी कसोटी लागते. ज्या कथेत देव दुष्टाचा संहार न करता स्वतः दुर्बळ होऊन गोठ्यात जन्म घेतो, ती कथा संहार करणाऱ्या सत्तेच्या सावलीत सांगितली गेली. हा विरोध ग्रंथ सोडवत नाही. पण पहिल्या पुराणाने पापाचे जे माप घालून दिले आहे, ते साऱ्या आदामवंशाला लागू आहे. साष्टीच्या ग्रामस्थांना ते जितके लागू, तितकेच लिस्बनच्या राजालाही. त्या मापातून सांगणाऱ्याच्या पक्षालाही सुटका नाही. काव्य आपल्या आश्रयदात्याहून मोठे ठरते ते असे. पुढे १६८४ मध्ये त्याच सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. तरीही १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापलेले हे पुराण हस्तलिखितांच्या रूपाने भाविकांमध्ये टिकून राहिले.

६. समारोप

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन शतकांनंतर ख्रिस्तकथा पुन्हा मराठी पद्यात आली, तीही तुकारामांच्या अभंगवाणीतून ख्रिस्ताकडे गेलेल्या कवीच्या हातून. दोन्ही नावे एकत्र ठेवली की दृष्टिकोनातील फरक जाणवतो. 'अयन' म्हणजे एका जीवनाची वाटचाल. 'पुराण' मात्र सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते. स्टीफन्स यांना पुराणच हवे होते. कारण त्यांच्या मते बेथलेहेमची रात्र एदेनच्या बागेतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यावरून अध्यापनाच्या दृष्टीने एक निष्कर्ष निघतो. ख्रिस्तपुराणातील वेचा शिकवायचा असेल, तर भाषास्तुतीबरोबर आदाम-एवेच्या पतनाचा भाग आणि ख्रिस्तजन्माचा भाग शेजारी ठेवून शिकवावा. मग विद्यार्थ्याला दिसेल की, मराठीची रत्नासारखी झळाळी गाणाऱ्या कवीला त्या भाषेकडून एक अवघड काम करून घ्यायचे होते. ज्या भाषेत बंधन अनादी आणि अवतार अनेक मानले जात होते, त्या भाषेत त्याला एका आरंभ असलेल्या पापाची आणि एकदाच घडलेल्या आगमनाची गोष्ट सांगायची होती. ती श्रद्धेने स्वीकारायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मराठी ओवीने ती पेलली, हे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदवायला हवे.