बेसचा पहिला अ‍ॅम्प घेताना

बेस गिटार शिकणारं मूल तारा ओरबाडायला लागलं की मी त्याच्या हाताआधी अ‍ॅम्प बघतो. माझी उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवण्यात गेली. घरातल्या आणि ओळखीतल्या मुलांची पहिली खरेदी जवळून पाहिली आहे. बहुतेक पैसे गिटारवर जातात, उरलेल्यात अ‍ॅम्प बसवला जातो आणि मुलाचं नुकसान तिथेच होतं.

नाशिकच्या माझ्या भाचीचं तसंच झालं. दहावीनंतर तिला बेस मिळाला. दुकानदाराने दाजींना सांगितलं, ‘गिटार काय नि बेस काय, सगळं चालतं यावर,’ आणि गिटारचा छोटा अ‍ॅम्प बिलात चढवला. घरी तिला जाड ई स्ट्रिंग धड ऐकूच येईना. तिने आधी व्हॉल्यूम वाढवला, मग बोटांचा जोर. काही महिन्यांनी तिचा फोन आला, ‘मामा, माझा हातच चुकतोय. खालची तार वाजवली की नुसतं फर्रर्र होतं.’ जाऊन जाळीतून टॉर्च मारला, तर स्पीकरचा कागदी कोन कडेने फाटला होता. पोरीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना घट्टे पडले होते, मनगट लाकडासारखं ताठ. ‘तुम्हीच मोठ्याने वाजवलंत,’ म्हणून दुकानदाराने हात वर केले. कोन बदलून मिळाला. जोर लावायची सवय सुटायला मात्र फार वेळ लागला, आणि ‘मला जमतच नाही’ ही समजूत त्याहून चिवट निघाली.

यामागचं कारण साधं आहे. गिटारची सर्वांत खालची तार 82 हर्ट्झच्या आसपास वाजते, बेसची 41 वर. एक सप्तक खाली जाऊन तितकाच आवाज काढायचा तर त्याच स्पीकरच्या कोनाला चौपट मागेपुढे हलावं लागतं. गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेलाच नसतो. अगदी हळू वाजवलं तर तो तग धरतो, पण शिकणारं मूल किती दिवस हळू वाजवणार? उलट बाजूने अडचण नाही. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी बासमन हा अ‍ॅम्प काढला. तो गिटारवाल्यांनीच उचलून धरला. लंडनच्या जिम मार्शल यांचा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम 45, बासमनच्याच आराखड्यावर उभा राहिला. घरात एक मूल गिटार आणि एक बेस वाजवत असेल, तर बेसचा अ‍ॅम्प घ्या. दोघांचं भागेल.

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा निघतो. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे 25 आणि 40 वॅटमधला फरक नुसत्या आकड्यावरून वाटतो तेवढा नाही. खरा फरक स्पीकरच्या आकारात आणि खोक्यात असतो. खोलीत एकट्याने रियाझ करायला 8 इंची स्पीकरचा, 15 ते 25 वॅटचा बेस अ‍ॅम्प पुरतो. इतका लहान स्पीकर 41 हर्ट्झचा मूळ स्वर नीट देत नाही, पण वरचे स्वरांश ऐकून आपला कान खालचा स्वर मनाशी भरून काढतो. बजेट थोडं ताणता आलं तर 10 इंची घ्या. ई स्ट्रिंगवर फरक लगेच कळतो. खरा ड्रमर शेजारी असेल तर मात्र 100 वॅटच्या खालचा अ‍ॅम्प दमतो.

त्या दिवसासाठी मोठा अ‍ॅम्प आताच घेऊन ठेवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याऐवजी मागच्या बाजूला डीआय आउट आहे का ते बघा, म्हणजे माइकच्या केबलसारखी तीन पिनांची केबल लागते ते एक्सएलआर सॉकेट. कार्यक्रमात तिथून सिग्नल थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जातो. प्रेक्षकांना बेस मोठ्या स्पीकरमधून ऐकू येतो आणि छोटा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याच्या पायाशी मॉनिटर म्हणून राहतो. कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, गोव्यातला तियात्र, सगळीकडे हे चालतं. उदाहरण द्यायचं तर फेंडरच्या रंबल मालिकेत 25 वॅटच्या अ‍ॅम्पला ही सोय नाही, 40 वाल्याला आहे. त्याचा स्पीकरही 10 इंची आणि वजन आठेक किलो, म्हणजे रिक्षातून नेता येतो. माझ्या मते वरचे पैसे खर्च करायची जागा हीच.

दुसरी गोष्ट हेडफोनचं सॉकेट. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ते नसलेला अ‍ॅम्प घेऊच नये. बेसचा आवाज भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त पसरतो आणि खालच्या काकूंना गाणं नाही, नुसती धडधड ऐकू येते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र दहापासून सहापर्यंत. अभ्यास, क्लास आटोपून मुलांना वेळ मिळतो तो नेमका दहानंतर. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका, तिथे तो घुमतो. जमिनीवरून उचलून जाड फोम घातलेल्या खुर्चीवर ठेवा. कानासमोर आला की कमी व्हॉल्यूममध्ये स्वच्छ ऐकू येतो आणि बोटं आपोआप सैल पडतात.

पैसे कमी असतील तर वापरलेला अ‍ॅम्प घ्यायला कचरू नका. भाचीला नंतर आम्ही एका वाजवणाऱ्याकडून 10 इंची, डीआय असलेला जुनाच घेतला. असा अ‍ॅम्प घेताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल घेऊन जायचं. आधी काहीही न लावता व्हॉल्यूम चढवायचा. हलकी सळसळ चालेल, जाड हम् नको. मग एकेक बटण सावकाश फिरवायचं. खरखर झाली तर बहुधा धूळ असते, साफ करून जाते, किमतीत तेवढं कमी करून मागावं. जॅक लावून केबल हळूच हलवायची, आवाज तुटला तर सॉकेट सैल आहे. मग खुली ई स्ट्रिंग, त्याच तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी, मग ए स्ट्रिंग, प्रत्येक स्वर लांबवून वाजवायचा आणि दुसऱ्या कुणाला खोक्यावर, हँडलवर, जाळीवर तळहात ठेवायला सांगायचं. हात ठेवल्यावर थरथर थांबली तर स्क्रू ढिला आहे, दोन मिनिटांचं काम. आवाज कोनातूनच येत असेल तर सोडून द्या. जाळी निघत असेल तर बोटं पसरून कोन अलगद आत दाबा. आत घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल गेलेली आहे. हे सगळं अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवून करायचं, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. विकणारा घाई करत असेल तर उठून या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला अ‍ॅम्प आधी मागून वाचा. तिथे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याशिवाय प्लग लावायचा नाही.

अर्थिंगच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. गुणगुण थांबावी म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. बेसच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचा ओठ माइकला लागतो, त्यामुळे अर्थिंगमधला दोष थेट अंगातून जातो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे 1972 मध्ये स्वान्सीच्या मंचावर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. वय अवघं 27. गुणगुण असेल तर केबल बदला, ट्यूबलाइटपासून लांब बसा, वायरमन बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्पसाठी काढलेल्या पैशांतूनच एक चांगली केबल, अर्थिंगचा पक्का एक्स्टेंशन बोर्ड आणि हेडफोन यांचे पैसे आधी बाजूला ठेवा. अ‍ॅम्प उरलेल्या पैशांत बसवा.