वहीतील चूक आणि विषाणूचे रूपांतर
(इयत्ता सातवीच्या विज्ञानपाठाचे टाचण)

पुणे शहरास विषाणूंच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. १९५२ साली येथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. पुढे १९९२ मध्ये एड्सच्या संशोधनासाठी भोसरी येथे स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली. २०२१ साली करोनाच्या ‘डेल्टा’ प्रकाराचे नाव घरोघरी पोहोचले, तेव्हापासून विषाणू रूप बदलतो हे मुलांच्या कानांवर आहे. परंतु तो बदलतो म्हणजे काय होते, हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा शिक्षकही.

पाठास साहित्य काही लागत नाही. फळ्यावर एक वाक्य लिहावे : ‘नदीकाठच्या मळ्यात ऊस वाऱ्याने डोलतो.’ प्रत्येक रांगेतील पहिल्या मुलाने ते भरभर उतरून घ्यावे, मग फळा पुसावा. दुसऱ्याने पहिल्याची चिठ्ठी पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याची पाहून लिहावे. पट लहान असेल तर एकच रांग पुरे. शेवटी सर्व चिठ्ठ्या मेजावर मांडाव्यात. कोठे ‘मळ्यात’चे ‘माळ्यात’ झालेले असते, कोठे ‘नदी’ ऱ्हस्व झालेली असते, आणि एकाने केलेली चूक मागच्या साऱ्यांनी इमानाने उतरविलेली असते. काही चुकांनी वाक्य निरर्थक होते. विषाणूंचेही असेच आहे. बिघडलेल्या पुष्कळ प्रती निकामीच ठरतात.

आता खरे उदाहरण घ्यावे. एचआयव्हीचा मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. तो उतरविणारे त्याचे साधन लिहिलेले पुन्हा तपासत नाही. ढोबळमानाने तीन प्रतींमागे एक चूक होते. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या देहात एका दिवसात हजार कोटींच्या आसपास नवे विषाणू तयार होतात. म्हणजे एका अक्षराची जी जी चूक संभवते, ती बहुधा दररोज कोठे ना कोठे होऊन जाते.

यानंतर शिक्षकांनी म्हणावे, “हे औषध ‘मळ्यात’ हा शब्द ओळखते.” तो शब्द शुद्ध असलेल्या सर्व चिठ्ठ्या बाजूस काढाव्यात आणि उरलेल्यांवरून पुन्हा नकला करवाव्यात. (तेथे चूक झाली नसेल तर दुसरा शब्द घ्यावा.) वर्गभर ‘माळ्यात’ होतो. येथे घाई करू नये. ‘औषधामुळे विषाणू शहाणा झाला’ असे मुले हटकून म्हणतील. तसे नाही. चूक औषधापूर्वीच झाली होती. औषधाने फक्त निवड केली. शरीराची प्रतिकारशक्तीही अशीच निवड करीत असते.

१९८७ मध्ये एचआयव्हीवरील पहिले औषध आले, आणि १९८९ मध्येच त्याला न जुमानणारे विषाणू रुग्णांत आढळले. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत पडली. तीन शब्दांपैकी एकही शुद्ध असेल तर चिठ्ठी बाद, असा नियम करून पाहावा. मेजावर बहुधा काहीच उरत नाही. मात्र गोळ्या मधूनमधून चुकल्या की रक्तातील औषध कमी पडते, नकला पुन्हा सुरू होतात आणि अर्धवट औषधाला पुरून उरणाऱ्या प्रतींचे फावते. एक औषध रक्तात इतरांहून अधिक काळ टिकत असेल, तर ते तितके दिवस एकटेच झुंजते.

आपल्या देशात हे उपचार २००४ पासून शासनातर्फे मोफत मिळतात. गोळी रोज, आणि ती आणण्यासाठी केंद्रावर वेळोवेळी जावे लागते. मी वर्गशिक्षक असताना एक मुलगा दरमहा एक दिवस गैरहजर राहत असे. मी त्याला साऱ्या वर्गासमोर कारण विचारले. तो खाली पाहत राहिला, आणि पुढच्या महिन्यात त्या दिवशी शाळेत हजर होता. मला हजेरी सुधारल्याचे समाधान वाटले. त्याची गोळी चुकली असेल, हे फार उशिरा ध्यानी आले.

म्हणून हा पाठ घेताना कोणाच्या घरचे उदाहरण विचारू नये. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई आहे. रजेच्या अर्जावर ‘दवाखान्याचे काम’ एवढे लिहिलेले असेल, तर तेवढ्यावर सही करावी.